विनू मे महिन्यात येणार

विनू,

तुला जाऊन सव्वा महिना झाला आणि या घरात ते फक्त मला माहीत आहे. घरात माणसं दोनच. एकीला सांगितलेलं टिकत नाही, दुसरी मी.

पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या होत्या. 'महाडचे सुपुत्र' वगैरे. आमच्या हेडमास्तरांनी कात्रण आणून दिलं. त्यात तुझ्या पदव्या होत्या, बंगळूरची संस्था होती, 'मेंदूतील स्मृती या विषयावर संशोधन' असं होतं, आणि वय चुकलेलं होतं. ते सगळं मी इथे पुन्हा लिहिणार नाही. मला भांडायचंय. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं आणि तू संस्थेचा जिना चढता चढता छातीला हात लावून खाली बसलास आणि सुटलास. एकेचाळिसाव्या वर्षी. जन्मभर मी तुला 'मेल्या' म्हणत आले. हाक मारताना, रागावताना, लाडातसुद्धा. आता तो शब्द जिभेवर येतो आणि मी गिळते. त्याच्या जागी दुसरा काही सुचत नाही.

भांडण कशावरून ते तुला माहीत आहेच. तरी पहिल्यापासून सांगते. या घरात सगळं पहिल्यापासून सांगायची मला सवयच लागली आहे.

आईचं विसरणं तीन वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी आमटीत दोनदा मीठ, मग शेजारच्या शेवंतावहिनींचं नाव, मग संक्रांत की शिमगा. मग एक दिवस तिनं बाबांचं ताट वाढलं. बाबांना जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. मी सकाळची शाळा उरकून तुडीलहून आलेली, डोकं उन्हानं भणभणलेलं. ती म्हणाली, "ह्ये अजून आले नाय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "सवला गेलेत. ऊन पाण्याच्या कुंडावर. गुडघे शेकायला." बाबा खरंच जायचे ना थंडीत. तिनं विचारलं, "पंचा नेला काय?" मी म्हटलं, नेला. तिनं ताट झाकून ठेवलं आणि शांतपणे जेवली. त्या दिवसापासून बाबा सवला गेलेले आहेत.

गेल्या दिवाळीत तू आलास आणि हे तुझ्या कानावर पडलं. हातातली करंजी तशीच राहिली. मला मागच्या दारी बोलावलंस. "ताई, तू आईला खोटं सांगतेस?"

"मग काय करू?"

"तिचा नवरा गेलाय. ते माहीत असायचा तिला हक्क आहे."

हक्क! मी म्हटलं, कुठे लिहिलाय रे हा हक्क, रेशनकार्डावर? वर्षातून दोनदा पाहुण्यासारखा येतोस आणि मला शिकवतोस. पण तू हट्टी. आत गेलास, तिचा हात हातात घेतलास आणि अगदी हळू आवाजात, नीट सांगितलंस. मला मान्य आहे, मला तितकं चांगलं सांगता आलं नसतं. तिनं आधी तुझ्याकडे बघितलं, मग गळ्याशी हात नेला. गळा मोकळा लागला तेव्हा तिला पटलं. मग ती जी रडली ती तुला आठवत असेल. चहा झाला आणि तिनं विचारलं, "ह्ये अजून आले नाय?" तू पुन्हा सांगितलंस. पुन्हा गळ्याशी हात, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं विचारलं तेव्हा तू पडवीत जाऊन खांबाला टेकून उभा राहिलास. मी आतून म्हटलं, "सवला गेलेत गं."

तू पडवीतून आत आलास तो हरलेला नव्हतास, हेच तर सगळं चुकलं. तुझ्या डोक्यात काहीतरी सुरू झालं होतं. लहानपणी गणित अडलं की व्हायचा तसा चेहरा होता.

तुझं काम मला जेवढं कळलं ते असं. तुमच्या आधीची माणसं उंदराला काही शिकवायची, मग त्याला मारून मेंदूचे काप काढायची आणि कुठल्या पेशीत काय झालं ते बघायची. तू म्हणायचास, "मला मेल्यावर नाही बघायचं, ताई. पेशी जिवंत असताना, आठवण तयार होत असताना बघायचंय." म्हणून तुम्ही समुद्रातल्या जेलीफिशचं उजेडाचं जनुक घेतलंत आणि उंदराच्या पेशीत, शिकताना जे जनुक जागं होतं, त्याला जोडून दिलंत. ते जागं झालं की हे उजळतं. पेशीला काही कायमचं लक्षात ठेवायचं असलं तर नवी प्रथिनं करावी लागतात आणि ती करायचा हुकूम त्या जनुकातून सुटतो. हुकूम सुटला की तुला हिरवा ठिपका दिसायचा. काचेची बशी, त्यात जिवंत पेशी, वर सूक्ष्मदर्शक, अंधारी खोली आणि तू.

मी विचारलं होतं, "त्या ठिपक्यात काय आठवलं ते दिसतं का रे?"

"नाही. ते नाही दिसत."

"मग काय दिसतं?"

"ठिपका दिसतो." आणि दोघंही हसलो होतो. फोनवर आपण बऱ्याच वेळा हसायचो. ते मी विसरले नाही, नुसती भांडणंच लिहितेय असं समजू नकोस. दर रविवारी सगळं बोलून झालं की तू विचारायचास, "ताई, तू जेवलीस का?" आईचं सगळे विचारतात. माझ्या जेवणाचं विचारणारा तू एकटा होतास.

एकदा तू ईमेलवर फोटो पाठवलास. मी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत गेले. रंगीत शाई संपली होती म्हणून त्यानं काळा-पांढरा छापून दिला. तुझे हिरवे ठिपके राखाडी आले. घरी आणून आईला दाखवला, म्हटलं, इनूनं धाडलंय. ती तुला इनूच म्हणायची. तिनं डोळ्यांजवळ धरून बघितला आणि म्हणाली, "श्यावाळ हाय गो हे. टाकी धुवायला झाली." तुला सांगितलं तेव्हा तू इतका हसलास की पलीकडे ठसका लागला.

तर दिवाळीत, निघायच्या आदल्या दिवशी, तू मला समोर बसवलंस. म्हणालास, "ताई, पेशीला शिकवायचं ते एका दमात सगळं दिलं ना, तर ती ढिम्म. थोडं द्यायचं, थांबायचं, पुन्हा द्यायचं, पुन्हा थांबायचं. तिसऱ्या वेळेला जनुक जागं होतं. मी डोळ्यांनी बघितलंय. आणि गंमत सांगू? हे तर तुझे पाढे आहेत."

खरं होतं ते. तू सात-आठ वर्षांचा, मी नुकती डी.एड. झालेली. तुला एकोणतिसाचा पाढा येईना तेव्हा मी सकाळी अंघोळीनंतर एकदा, शाळेतून आल्यावर एकदा आणि तिन्हीसांजेला दिव्यापाशी एकदा, असा म्हणून घेतला. रागावून नाही, रेटून नाही. आठ दिवसांत आला. पुढे तीस वर्षं मी पोरांना तसंच शिकवलं. माझ्या या गावठी रीतीला तुझ्या बंगळूरच्या सूक्ष्मदर्शकानं मान डोलावली, याचा मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू. तिथेच मी फसले. तू म्हणालास, "आईला बाबांचं एकदाच सांगून उपयोग नाही. तुझ्या पाढ्यासारखं सांग. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. आठ दिवस. एखादी तरी पेशी असेल ना जागी व्हायची बाकी."

सगळं पाप तुझ्या माथी मारणार नाही. मी हो म्हटलं.

जानेवारीत केलं. सकाळी चहानंतर, दुपारी शाळेतून आल्यावर, संध्याकाळी दिवा लावून. दर वेळेला तिच्यासमोर बसायचं, हात हातात घ्यायचा आणि सांगायचं: आई, बाबा गेले. किती वर्षं झाली ते सांगायचं नाही, कारण ते ऐकून ती जास्तच घाबरायची. दर वेळेला गळ्याशी हात. दर वेळेला नवीन रडणं. रोज तीन वेळा आठ दिवस म्हणजे चोवीस. चोवीस वेळा मी माझ्या आईला विधवा केलं, विनू, आणि मधल्या वेळात शाळेत जाऊन पोरांचे पेपर तपासले. शेवंतावहिनी एकदा दारातून म्हणाल्या, "ताई, काय चाललंय तुमचं? म्हातारी केव्हाची रडते." मी त्यांना पेशी आणि जनुकं समजावून दिली. त्या पदर तोंडाला लावून निघून गेल्या. शहाणी बाई.

नवव्या दिवशी मी तिला काही सांगायला गेलेच नव्हते. कपबशी उचलायला गेले. मी समोर बसतेय असं दिसताच ती भिंतीकडे सरकली आणि दोन्ही हात पदराखाली लपवले. मी म्हटलं, काय झालं गं? म्हणाली, "म्हायती नाय. तू आलीस की भ्या वाटतं."

बाबा गेल्याचं तिच्या लक्षात राहिलं नाही. दुपारी विचारलंनच, ह्ये अजून आले नाय. पण माझी भीती राहिली. काय सांगितलं ते गेलं, कुणी सांगितलं ते राहिलं.

रविवारी तुझा फोन आला. तू विचारलंस, "काही फरक?" मी म्हटलं, "आहे ना. झालं तुझं जनुक जागं. भलत्या ठिकाणी झालं." आणि मग मी काय काय बोलले ते तुला पाठ असेल. तूच सांगितलं होतंस ना, की त्या पेशींवर उजेड जपून टाकावा लागतो, सारखं बघत बसलं तर उजेडानंच मरतात? अर्ध्या तासानं एकदाच, तेही क्षणभर. बशीतल्या उंदराच्या पेशीची तुला एवढी काळजी आणि आईच्या डोळ्यांवर दिवसातून तीनदा टॉर्च मारायला मला सांगितलंस, असं म्हणाले. तिथे बसून उंदरं बघतोस, इथे येऊन आईला बघ, असं म्हणाले. तुझं शास्त्र चुलीत घाल, हेही म्हणाले.

मग म्हणालास, "ताई, तरी खोटं सांगू नये असं मला वाटतं." इतका राग आला मला. आणि मग, "मी मे महिन्यात येतो. चांगला महिनाभर राहतो. मग बघू."

मी फोन ठेवून दिला. त्यानंतर तुझे फोन आले, नाही असं नाही, पण मी आईच्या हातात द्यायची आणि स्वयंपाकघरात जायची. तिला सरसकट सगळं विसरायला व्हायचं, पण तुझा आवाज नाही विसरली कधी. "इनू, जेवलास काय रे?" हे पहिलं. सहा-सात रविवार असे गेले. माझ्याशी बोलायचं म्हणून तू तिच्याजवळ निरोप ठेवायचास, हे मला आता लक्षात येतं. एकदा फोन ठेवल्यावर ती मला शोधत आत आली, म्हणाली, "इनूनं तुला कायतरी सांगायला सांगलंय." काय? ती उभी राहिली, ओठ हलवले, आणि रडकुंडीला आली. गेलं होतं. ते काय होतं रे? तुला माहीत होतं तिच्याजवळ काही ठेवून राहत नाही. जगात निरोप ठेवायला दुसरी जागा नव्हती का तुला? का मुद्दाम तिच्याजवळच दिलास, मला माफी मागायला नको आणि तुलाही नको म्हणून?

मार्चमध्ये वार्षिक परीक्षेच्या तयारीत असताना शाळेत फोन आला. मी रिक्षानं घरी आले. आई दारात बसली होती. मी तिच्यासमोर बसले, हात धरला आणि सांगितलं. तुझंच ऐकलं मी. हक्क आहे ना आईला. तिनं हंबरडा फोडला तो आळीत ऐकू गेला. तासाभरानं तिनं डोळे पुसले, आपण का रडतोय ते तिला कळेना, आणि म्हणाली, "आज इनूचा फोन नाय आला?"

मी दुसऱ्यांदा नाही सांगितलं. म्हटलं, "मे महिन्यात येणार आहे." तुझंच वाक्य ते. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

आईला शेवंतावहिनींच्या भरवशावर ठेवून चुलतभावाबरोबर मी बंगळूरला आले, तुला बघितलं, अग्नी त्यानं दिला. तुझ्याबरोबर काम करणारी एक बाई मला तुझ्या खोलीत घेऊन गेली. अंधारी, थंड, लहानशी. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. ती हिंदीत म्हणाली, सर गेले त्या दिवशीच्या पेशी अजून जिवंत होत्या, आम्ही दोन दिवस बघत होतो. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? तुझ्या पेशी जिवंत होत्या आणि तू नव्हतास.

परत आले तर समाचाराला माणसं. पोलादपूरची मामी गेटापासूनच गळा काढत आली, "माजा इनू गेला गो!" आईनं आतून विचारलं, "कोन गेला?" मी धावत जाऊन मामीच्या तोंडावर हात ठेवला. मोठ्या माणसाच्या तोंडावर! ती चिडली. "पोरगा गेला नि आयशीला सांगायचं नाय? असं कुठं असतं काय?" मी म्हटलं, मामी, तुम्ही सांगाल, रडाल आणि जाल. दर येणारा माणूस तिला नव्यानं सांगेल. तेरा दिवसांत ती तेरा वेळा मरेल. माझे चोवीस करून झालेत, आता नको. तेराव्यापर्यंत मी पडवीत खुर्ची टाकून बसले. येईल त्याला बाहेरच कोरा चहा, आवाज खाली. आत आई विचारायची, कसली माणसं गो? मी सांगायची, मतदारयादीचं काम आहे. पोलादपूरपर्यंत बभ्रा झाला की मास्तरीणबाईला भावाचं काही नाही. असू दे.

तर मी खोटं सांगते, विनू. तुझ्या विरुद्ध, तुझ्याच शब्दांत. पहिल्या आठवड्यात दिवसाला वीस-वीस वेळा. "इनू कधी यायचा?" मे महिन्यात. "आंबं ठेव त्याला." ठेवते. आणि सांगू, तेवढ्या क्षणापुरतं मलाही वाटायचं की येशील. तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते बघून वाटायचं. कधी कधी मला इतका राग यायचा तिचा, की इथे माझं सगळं संपलंय आणि ही आंब्यांचं बोलते, की मनात यायचं, विचारायचं थांबव गं बाई, एकदाचं थांबव.

थांबलं. गेल्या सोमवारपासून. सोमवारी माझ्या लक्षातच आलं नाही. मंगळवारी वाटलं, बरं झालं. बुधवारी मी स्वतःहून म्हटलं, "इनूचं विचारलं नाहीस आज?" ती म्हणाली, "कोन इनू?"

मी तुझा कॉलेजातला फोटो आणला. बघितलं, परत दिला. म्हणाली, "बरा हाय पोरगा."

मग मी काय केलं असेल? सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी दिवा लावून एकदा. आई, तुला मुलगा आहे. विनायक. इनू. बंगळूरला असतो. रागावून नाही, रेटून नाही. तुझ्या शास्त्रावर माझा विश्वास उरलेला नाही, तरी चार दिवस केलं. कारण तिच्यातून तू गेलास तर तुला लहानपणापासून ओळखणारी मी एकटी राहते, आणि एकटीच्या आठवणीचा काय भरवसा? माझं वय बावन्न. आईची लेक आहे मी. परवा शाळेत फळ्याशी उभी होते आणि समोरच्या पोराचं नाव आठवेना. पण तिच्यात काही उजळलं नाही. ती ऐकून घ्यायची आणि भल्या बाईसारखी म्हणायची, "आसंल हां."

काल दुपारी आम्ही दोघी वाल सोलत बसलो होतो. बिरडं सोलायला तिला कुणी शिकवावं लागत नाही, बोटं आपापली चालतात. मी हळूच पुन्हा सुरू केलं, "आई, विनू..." आणि पुढे जाताच येईना. सव्वा महिन्यात मी रडले नव्हते. कुणासमोर रडणार? पडवीत बसायचं होतं, आत हसायचं होतं. काल वालांच्या परातीवर जे रडू आलं ते आवरेना. तिनं ओल्या हातानंच माझ्या पाठीवरून हात फिरवला. आता ती मला भीत नाही. मी कोण हे तिला नक्की माहीत नसेल, पण रडणारी बाई तिला कळते.

"काय झालं गो बाय?"

आणि मी खरं सांगितलं. "गेला गं."

"कोन गेला तुजा?"

"भाऊ."

"मोटा का ल्हान?"

"लहान."

"अरेरे," ती म्हणाली. पुन्हा पाठीवरून हात फिरवला. दोन-चार वाल सोलून परातीत टाकले. मग थांबून माझ्याकडे बघून विचारलं, "त्याची आय हाय काय गो?"

"आहे."

"म्हातारी आसंल."

"हो."

"मग तिला सांगू नका हां," ती म्हणाली. "नाय सोसायचं तिला."

मी बरं म्हटलं.